कायदा आहे, बसायला जागा नाही

प्रति,
संपादक,

स.न.वि.वि.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, मधला एखादा परिच्छेद नजरेतून सुटला असेल. सुटला नव्हता. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांसाठी कायदा कडक करा, फाशी द्या, एवढंच म्हणणं आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा, आणि अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी त्यात फाशी २०१९ पासून आहे, हे अग्रलेख लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं. मी तो कायदा वाचलाय. हौस म्हणून नाही, वेळ आली म्हणून.

ओळखीतल्या एका मुलीची साक्ष होती. घडलं तेव्हा ती तिसरीत, साक्षीला उभी राहिली तेव्हा सहावीत. कलम ३५ सांगतं की कोर्टाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. आमची पहिली तारीख वकीलसाहेब आजारी म्हणून गेली. दुसरी न्यायाधीशांच्या बदलीत. तिसरीला कुठलासा अर्ज आला. दर वेळी आईची बिनपगारी रजा, आणि पोरगी आदल्या रात्री जेवायची नाही.

आता बाकाचं सांगते. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक. आरोपी जामिनावर होता. तो आला आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपी दिसता कामा नये, असं कलम ३६ म्हणतं. आत पडदा होता, खोटं कशाला बोलू, हिरवा, नवा कोरा. पण त्या पडद्याआड जायच्या आधी ती कितीतरी वेळ बाटलीच्या पट्ट्याला पीळ घालत होती. घालायची, सोडवायची, परत घालायची. मान वर केली नाही. शेवटी आम्हीच उठून जिन्यात जाऊन उभ्या राहिलो. तो बसूनच. मुलांसाठी वेगळी खोली आहे म्हणे. दारावर सशाचं चित्रसुद्धा आहे, आत फायलींचे गठ्ठे. शिपाई भला माणूस. म्हणाला, "मावशी, सशापाशी उभ्या राहा, कुणी हटकणार नाही."

मग पुकारा झाला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तीनदा, खणखणीत. मुलाची ओळख उघड होऊ देऊ नका असं बजावणाऱ्या कायद्याखालचाच हा खटला! अख्ख्या जिन्याने वळून पाहिलं.

न्यायाधीशबाई चांगल्या होत्या, हे सांगितलंच पाहिजे. वकिलाने प्रश्न थेट मुलाला विचारायचे नसतात, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. बाईंनी ते पाळायला लावलं, एकदा झापलंही. तरी प्रश्न आलाच, त्या दिवशी वार कोणता होता? तीन वर्षांपूर्वीचा वार. मला परवाचा सांगता यायचा नाही. मुलगी थोडी थांबली आणि म्हणाली, "पीटीचा पांढरा ड्रेस घातला होता." बाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. निकाल अजून लागायचाय.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारावरून लोक रुळांवर उतरले. तक्रार वेळेत घेतली नाही, हा संताप त्यात होताच. पुढे आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला आणि त्याच्यावरचा खटला चाललाच नाही. लोकांचा राग शमला असेल. पण इथल्या बाकाचं, पुकाऱ्याचं, गठ्ठ्यांच्या खोलीचं त्याने काय झालं? तुमच्या अग्रलेखात यातलं एक अक्षर नाही. फाशी मागायला शाई कमी लागते, आणि खोली रिकामी करून घ्यायची तर कुणाच्या तरी मागे लागावं लागतं.

लिहायला बसलेच आहे तर हेही. परवा तुमच्याच पान तीनवर अशाच एका प्रकरणाची बातमी होती. मुलीची इयत्ता, शाळा कुठल्या चौकात, वडिलांचा धंदा, सगळं तपशीलवार, आणि खाली बारीक टायपात 'नाव बदलले आहे'. नाव तेवढं बदललंत, आभारी आहोत. कलम २३ मध्ये शाळा, कुटुंब, शेजार हेही येतं, आणि ते कलम वृत्तपत्रांसाठीच आहे. आपल्या विधी प्रतिनिधींना एकदा वाचायला द्यावं.

गेल्या वर्षीच्या माझ्या पत्रातून तुम्ही मधला भाग उडवलात आणि नेमकं 'कायदा कडक हवा' हे वाक्य ठेवलंत. त्याच्यापुढचा 'असं म्हणून भागणार नाही' हा तुकडा जागेअभावी गेला असावा.

माझं नाव-गाव छापू नये. माझ्यावरून त्या मुलीचा माग लागायला नको. आणि या वेळीही कापायचं झालंच, तर अग्रलेखाबद्दलचं कापा, बाकाचं राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक