ल्वार नदीकाठच्या वाड्यातून

पॅरिस, ८ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दादाने कळवलं, पट्टी निघाली आणि बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बिनचष्म्याने वाचली. जिवात जीव आला. फोनवर आई रडते, मग मला काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी आईच्या शंका. मी एकटी भटकत नव्हते. ऑफिसचे चौदा जण होतो, दोन रात्री, खर्च कंपनीचा. खोलीत माझ्याबरोबर आमच्याच टीममधली मुलगी होती. वाइन घेतली नाही, कुणी आग्रहही केला नाही. आणि उपाशी अजिबात राहिले नाही.

बाबा, आम्ही उतरलो होतो तो शातो म्हणजे आपल्या मेणवलीच्या नानांच्या वाड्यासारखाच नदीकाठचा वाडा समजा. फक्त कृष्णेच्या जागी ल्वार, आणि घाटाच्या काळ्या दगडाऐवजी पांढरा, मऊ दगड. आता तिथे हॉटेल आहे. जवळच शांबोरचा राजवाडा, १५१९ साली बांधायला घेतलेला. त्यात एकमेकांभोवती वळत जाणारे दोन जिने आहेत. एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, पण वाटेत गाठ पडत नाही. तुम्हाला तो दाखवायचाच आहे.

एका गोष्टीची मात्र मला अजून सवय होत नाही. इथे पाव ताटात घेत नाहीत. सरळ मेजावरच्या चादरीवर, ताटाच्या डावीकडे ठेवतात. अन्न असं खाली कसं ठेवायचं, म्हणून मी तो ताटात घेतला, तर शेजारच्या बाईंनी हसून खुणेनेच खाली ठेवायला सांगितलं. सुरीने कापायचा नाही, दातांनी तोडायचा नाही, हाताने एकेक घास मोडायचा. चुरा चादरीवर सांडतो तो सांडू द्यायचा. गोड यायच्या आधी वाढपी एका चपट्या पात्याने तो गोळा करून नेतो. माझा तुकडा उपडा पडला होता. त्या बाईंनी बोलता बोलता हात लांब करून तो सुलटा केला. म्हणाल्या, पूर्वी भट्टीवाला जल्लादाचा पाव उपडा करून बाजूला ठेवायचा असं सांगतात, म्हणून उपडा पाव अशुभ. दारातली उपडी चप्पल आई जाता जाता सुलटी करते ना, तस्साच हात होता तो. मला तिथेच भरून आलं.

त्याच दिवशी बाबांचं ऑपरेशन होतं. सकाळी सगळं ठीक झाल्याचा मेसेज वाचला आणि मी निर्धास्त झाले. मग भिंती जाड, आत रेंज नव्हती. दादाचे तीन फोन येऊन गेलेले रात्री साडेअकराला दिसले, तेव्हा तिकडे पहाटेचे तीन. पण खरं सांगते, अंगणात रेंज होती. जेवण सोडून उठायला मला संकोच वाटला. बाबांना मला ‘दिसतंय’ एवढंच सांगायचं होतं, हे नंतर कळलं. चुकलं माझं.

हप्ता भरलाय. दवाखान्याचे चाळीस हजार दादाच्या खात्यात टाकलेत. कमी पडले तर लपवू नका. कराडच्या स्थळाला मी टाळत नाही. फक्त लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल का, हे बाबांनी आधी स्पष्ट विचारावं. दिवाळीला सुट्टी मिळत नाहीये, आई रागावू नकोस. २० डिसेंबरचं तिकीट काढलंय, तेव्हा मुलाला भेटेन.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मी आल्यावरच घ्या. दवाखान्यात मी बसेन.

तुमची,
धाकटी