पांढऱ्या किड्यांविषयी वसंतास

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

आठ महिने तुला पत्र लिहिले नाही. कामाचा व्याप हे त्याचे कारण नव्हते, हे तू ओळखून असशीलच. गच्चीवरच्या त्या संध्याकाळी तू जे बोललास ते मला लागले, आणि मी जे बोललो ते तुला लागावे म्हणूनच बोललो होतो. "हातात बाटली घेण्याआधी भिंग घे," असे तू म्हणालास आणि मी तुला कीटकांचा वकील ठरवून मोकळा झालो. त्या खटल्याचा निकाल आता लागला आहे आणि तो माझ्या विरुद्ध गेला आहे. हिला सगळे सांगून पाहिले, तर ती म्हणाली, "किडे मेले ना? मग झाले तर." किडे मेले हेच तर दुःख आहे, हे तिला कसे समजावायचे? म्हणून मुकाट्याने तुला लिहायला बसलो.

माझा रक्तदाब आटोक्यात आहे, हिचे सांधे हवामानाप्रमाणे बोलतात, आणि नानांना आता जवळजवळ ऐकू येत नाही, याचा त्यांनी स्वतःच्या सोयीने चांगलाच उपयोग करून घेतला आहे. प्रकृतीचे एवढे पुरे.

गोष्ट माईंच्या जास्वंदीची आहे. तुमच्या अंगणातले मूळ झाड गेल्यापासून तिचा वंश माझ्या या एका कुंडीत उरला आहे, हे तुला सांगायला नको. पण त्यामुळेच पुढचे लिहिताना हात अडखळतो. सुरुवात शेंड्यांपासून झाली. नवी पालवी उलगडेना. पाने मुठीसारखी आवळलेली, जाडसर आणि चुरगळलेली दिसू लागली. झाडाला पाणी कमी पडते आहे असे ठरवून मी पाणी वाढवले, आणि वर नत्राचे खत चमचाभर जास्त घातले. कोवळा, रसरशीत पाला म्हणजे रस शोषणाऱ्या किडीला पंगतीचे आमंत्रण, हे मी स्वतः चार लोकांना सांगितलेले आहे. पण आपले झाड आजारी पडले की आपलेच शहाणपण आपल्याला आठवत नाही. मग खोडावरून मुंग्यांची रांग दिसली, खालच्या पानांवर चिकट थर आला, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरली. एके सकाळी फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, तेव्हा कुठे माझ्या तोंडून "पिठ्या ढेकूण" हे शब्द निघाले. ही जास्वंदीवरची गुलाबी जात. पांढरे पीठ बोटाने पुसले की खाली गुलाबी अंग दिसते आणि चिरडले तर बोटाला तांबूस डाग पडतो. हा ढेकूण रस शोषताना लाळेतून जे सोडतो, त्यानेच शेंडे असे आवळतात. तहानेचा त्यात काही संबंध नव्हता.

पहिल्या आठवड्यात मी शिस्तीने वागलो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक बेचके पुसले, आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडा द्रव साबण, असे मिश्रण करून पानांच्या खालच्या बाजूने फवारले. दुसऱ्या आठवड्यात शिस्त संपली. तेच मिश्रण मी भर दुपारी फवारले आणि कुंडी उन्हातच राहू दिली. संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. फवारणी उन्हे उतरल्यावर करावी, आणि नवे मिश्रण आधी दोन-चार पानांवर लावून एक-दोन दिवस वाट पाहावी, हे तूच मला गुलाबाच्या वेळी शिकवले होतेस.

गुलाबावरून आठवले. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पाण्याने येते असे मी म्हणत होतो आणि तू म्हणत होतास की पाण्याने जाते. आता नीट वाचल्यावर लक्षात आले की मी भुरी आणि काळे ठिपके यांची गल्लत करत होतो. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सात तास तरी ओले लागते, म्हणून संध्याकाळी पानांवर पाणी मारणे वाईट. भुरीचे बीजाणू मात्र साचलेल्या पाण्यात नीट रुजत नाहीत, त्यांना दमट हवा आणि कोरडे पान आवडते. तेव्हा तू अर्धा बरोबर होतास. पूर्ण बरोबर होतास असे मी एका पत्रात दोनदा लिहिणार नाही.

असो, जास्वंदीकडे वळतो. एवढे करूनही दर आठवड्याला कापूस पुन्हा दिसे. या किडीची मादी कापसासारख्या पिशवीत दीडशेपासून सहाशेपर्यंत अंडी घालते, ती सहा ते नऊ दिवसांत फुटतात, आणि त्या मेणचट कापसात फवारा शिरत नाही. म्हणजे आज मोठे मेले तरी पुढच्या आठवड्यात नवी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले रांगायला लागतात. हे कळत असूनही मला तो माझा वैयक्तिक अपमान वाटू लागला होता. तू माझा कॅरममधला राग पाहिला आहेस, तोच राग.

आणि मग ते मोठे पांढरे किडे आले.

एका रविवारी सकाळी पाहतो तो तिसऱ्या फांदीवर, म्हणजे नेहमी सर्वांत आधी फुलणाऱ्या फांदीवर, पिठ्यांच्या गर्दीत काही वेगळेच पांढरे प्रकार बसले होते. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा. हे चांगले सेंटीमीटरभर, काही त्याहून मोठे, आणि अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झिपऱ्या, जणू कुणी पिंजलेला कापूस वळून ठेवला आहे. मला वाटले, हेच या पिढीचे आजोबा. इतके दिवस मी नातवंडे पुसत बसलो आणि मूळ पुरुष इथे लपले होते! मी चिमटा आणला (कोणता चिमटा, ते शेवटी सांगतो) आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन दीड तास बसलो. त्रेचाळीस वेचले. मोजण्याचे कारण अर्थातच अभिमान. त्यातले काही चिमटा जवळ येताच भराभर चालू लागले, तेव्हाही मला शंका आली नाही. पिठ्या ढेकूण भराभर चालत नाही, वसंता. तो जागचा हललाच तर सरपटल्यासारखा हलतो. चाळीस वर्षे झाडे लावणाऱ्या माणसाला ते दिसले नाही, कारण तो बघत नव्हता, मोजत होता.

त्यांतले तीन मात्र मी एका काचेच्या बरणीत ठेवले, पिठ्यांनी लडबडलेल्या डहाळीसकट, तोंडाला जाळीचे फडके बांधून. मुक्ताला तिच्या भिंगातून शत्रू दाखवावा, असा विचार होता. मुक्ता आली नाही, बरणी खिडकीतल्या पुस्तकांमागे गेली आणि मी ती साफ विसरलो. अठरा-एकोणीस दिवसांनी धूळ झटकताना सापडली. डहाळी वाळली होती, पण स्वच्छ होती; पिठीचा कणही तिच्यावर उरला नव्हता. आणि फडक्याच्या आतल्या बाजूने दोन लहानसे भुंगेरे फिरत होते: चार मिलिमीटरचे, गोलसर, काळपट तपकिरी पाठीचे, डोके आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. तीन ठेवले होते आणि दोन निघाले. तिसऱ्याचे काय झाले असेल, हे त्या स्वच्छ डहाळीकडे पाहून मी विचारात घेतले नाही.

मी तिथेच खाली बसलो. तो ढालकिडा होता. क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझायरी, पिठ्यांचा सर्वांत मोठा वैरी, ज्याला 1891 साली ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियाच्या संत्र्या-लिंबांच्या बागांत मुद्दाम नेऊन सोडले, आणि त्यानंतर जगातल्या कितीतरी उष्ण प्रदेशांत ज्याला माणसाने हौसेने बोलावून घेतले. त्याची अळी दिसायला हुबेहूब थोराड पिठ्या ढेकणासारखी असते. एकेक अळी वाढता वाढता शे-दोनशे लहान पिठ्या सहज फस्त करते. ती मेणाची झूल तिला मुंग्यांपासून सांभाळते, कारण मुंग्या चिकट गोड रसासाठी पिठ्यांची राखण करतात आणि येईल त्या शिकाऱ्याला हुसकावतात. मुंग्यांना चकवणारी ती झूल माझ्या चिमट्यापुढे मात्र तिच्या काही कामाची ठरली नाही. माझ्या हाकेला आपण होऊन धावून आलेल्या चाळीस जणांना मी साबणाच्या पाण्यात बुडवले आणि वर आकडा लिहून ठेवला.

तुझे ते भिंगाचे वाक्य त्या क्षणी इतके स्पष्ट ऐकू आले, की मी मागे वळून पाहिले.

आता खरी चिंता सांगतो, कारण पत्र त्यासाठीच आहे. ते दोन भुंगेरे मी भिंगाखाली पाहिले. नराचे पुढचे पाय पिवळसर असतात, मादीचे काळपट. माझ्याकडे एक आणि एक निघाले. संध्याकाळी दोघांना तिसऱ्या फांदीवर सोडले. पण मादी आपली अंडी पिठ्यांच्या त्या कापसातच घालते, म्हणजे आधी तिच्या पिल्लांच्या अन्नात. मी फांद्या पुसून लख्ख केल्या तर ती उडून जाणार. नाही पुसल्या तर पिठ्या वाढणार, आणि झाड आधीच थकले आहे. साबण, स्पिरिट, निंबोळी तेल, सगळे मी दूर ठेवले आहे, कारण साबणाला आणि स्पिरिटला कोवळ्या अळीत आणि पिठ्यात फरक कळत नाही. तो माझ्यासारखाच कळत नाही. रोज सकाळी झाडासमोर उभा राहतो, शत्रू डोळ्यांदेखत वाढताना बघतो आणि हात मागे बांधून ठेवतो. ही शिक्षा माझ्या स्वभावाच्या माणसाला किती जड आहे, ते तुला कळेल.

एक गोष्ट करता आली ती मुंग्यांची. खोडाभोवती कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर दिला. थेट सालीवर दिला नाही, साल गुदमरते. पहिल्या दिवशी मुंग्या पट्टीखाली चौकशी करत जमल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर हजर. अर्धा तास शोधल्यावर सापडले, की एका पानाचे टोक खिडकीच्या गजाला जेमतेम टेकले होते, आणि त्या एवढ्याशा पुलावरून सगळी वाहतूक चालू होती. पान खुडले, कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. तेव्हापासून वर मुंगी नाही.

प्रश्न तिसऱ्या फांदीचा आहे. सर्वांत जास्त कापूस तिच्यावर आहे. एरवी इतकी भरलेली फांदी मी कापून, पिशवीत घट्ट बांधून टाकली असती, आणि तेच रास्त झाले असते. पण भुंगेरे तिथेच आहेत, आणि ही फांदी म्हणजे माईंनी स्वतः ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या त्या काडीचा मूळ भाग आहे. बाकीची झाडोरी नंतरची. ठेवावी तर सगळे झाड धोक्यात, कापावी तर माईंची काडीही गेली आणि मदतनीसही गेले. मी मधला मार्ग म्हणून पहिल्या दोन फांद्यांचे आवळलेले शेंडे आधी बारकाईने तपासून, मगच छाटले आहेत, पाणी बेताचे ठेवले आहे, खत पूर्ण थांबवले आहे. तिसरीला हात लावलेला नाही. झाड माझ्या कुंडीत असले तरी माईंचे आहे, तेव्हा तू सांगशील ते करीन. मात्र लवकर सांग. उन्हाळी हवेत या किडीची एक पिढी पाच आठवड्यांत पुरी होते आणि त्यातले दोन गेले. एक काडी वेगळी रुजवून ठेवावी असेही मनात आले होते, पण आजारी झाडाची काडी म्हणजे नव्या कुंडीत जुना आजार, म्हणून थांबलो.

तुझ्या गुडघ्याचे नानांकडून कळले. शस्त्रक्रिया नीट झाली हे उत्तम. व्यायाम टाळू नकोस. सुमेधाच्या नव्या नोकरीबद्दल तिला माझा आशीर्वाद सांग, आणि वहिनींना सांग की त्यांच्या मोगऱ्याची पाने पिवळी पडतात ती बहुधा कुंडीतले पाणी तळाशी तुंबल्यामुळे, तळाचे भोक मोकळे आहे का ते आधी बघावे.

तुझा,
बाळ

ता. क. तो चिमटा तुझाच आहे. तुझ्या तिकिटांच्या वहीबरोबरचा, चपट्या टोकाचा. शाळेत असताना "मी नेला नाही" असे मी माईंसमोर सांगितले होते आणि तू दोन दिवस घर उलटेपालटे केले होतेस. धुऊन, पुसून पाकिटात घातला आहे. उत्तराआधी तो मिळाल्याचे कळव.