सिकलसेल वाहक आणि सिकलसेल रुग्ण यांची बेरीज करू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमितपणे येतात, याबद्दल प्रथम आभार. मात्र त्यांतील बऱ्याच बातम्यांत वाहक (ज्यांच्यातील जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असते) आणि रुग्ण (ज्यांच्यातील दोन्ही बदललेल्या असतात) मिळून एकच आकडा ‘बाधित’ म्हणून छापला जातो. ही बेरीज शास्त्राला धरून नाही, आणि तिचे परिणाम घराघरांत भोगावे लागतात. मुलगी केवळ वाहक आहे एवढ्यावरून जुळत आलेली सोयरीक मोडल्याची उदाहरणे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. वाहक म्हणजे ‘थोडा आजारी’ माणूस नव्हे. हे का, ते पेशीत प्रथिन कसे तयार होते हे पाहिल्यावाचून नीट कळत नाही, म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

हिमोग्लोबिन हे लाल पेशीतील प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. त्याच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. अस्थिमज्जेत लाल पेशी घडत असताना, तिच्यात केंद्रक शिल्लक असते तोवर, या जनुकाच्या एका धाग्यावरून संदेशवाहक आरएनएची प्रत तयार होते, तिच्यातील प्रथिनासाठी न लागणारे दोन तुकडे कापून टाकले जातात आणि उरलेला संदेश केंद्रकाबाहेर प्रथिने जोडणाऱ्या रायबोझोमकडे जातो. रायबोझोम तो तीन-तीन अक्षरांनी वाचतो, प्रत्येक त्रिकुटाला जुळणारे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) वाहक आरएनए नावाचा रेणू आणून देतो, आणि अखेर १४६ अमिनो आम्लांची साखळी पूर्ण होते. कोणते त्रिकूट कोणत्या अमिनो आम्लासाठी आहे, हे उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराना, मार्शल नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिकलसेलमध्ये जनुकात सहाव्या अमिनो आम्लाच्या जागी ‘जीएजी’ या त्रिकुटाऐवजी ‘जीटीजी’ असते. रायबोझोमचे काम बिनचूकच चालते, परंतु संदेशातच अक्षर बदललेले असल्याने ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. हा एकाच अमिनो आम्लाचा फरक केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवून दिला, त्याला आता सुमारे सात दशके होतील.

ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर तो नसतो, आणि व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील एका खाचेत जाऊन बसते, त्याला पुढचा रेणू चिकटतो आणि लांब, ताठ तंतू तयार होतात. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, त्यामुळे असे तंतू वाढले की पेशीचा आकारच विळ्यासारखा होतो. अशी पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, त्यातून असह्य वेदना होतात, आणि १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत नष्ट होते.

हे सारे घडते ते दोन्ही जनुके बदललेली असलेल्या रुग्णात. वाहकाला एक जनुक सुदृढ मिळालेले असते, दोन्ही जनुकांचे वाचन होते, आणि त्याच्या प्रत्येक लाल पेशीत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते. त्यात सुदृढ प्रकार निम्म्याहून अधिक असल्याने तंतू वाढू शकत नाहीत. अतिउंचीवर किंवा शरीरातील पाणी फार कमी झाल्यास वाहकाला क्वचित त्रास होऊ शकतो, एरवी तो सर्वसामान्य आयुष्य जगतो.

शिबिरात प्रथम होते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्ताचा थेंब द्रावणात मिसळतात आणि परीक्षानळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. परंतु वाहकाची नळीही गढूळ होते आणि रुग्णाचीही. दोघांतील भेद हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने) किंवा एचपीएलसी चाचणीनेच कळतो. ऋण प्रभार गमावलेले हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये धन ध्रुवाकडे जाताना मागे राहते, म्हणून वाहकाच्या नमुन्यात दोन वेगळे पट्टे उमटतात. वाहकाच्या तपासणी कार्डावरील ‘एएस’ या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच: ‘ए’ म्हणजे सुदृढ आणि ‘एस’ म्हणजे सिकल हिमोग्लोबिन.

‘रक्त बदलले की हा दोष जाईल का’, असे पालक नेहमी विचारतात. दात्याच्या लाल पेशींत केंद्रकच नसते, त्यामुळे त्यांचा उपयोग त्या टिकतील तेवढेच दिवस. रुग्णाच्या मज्जेतील पेशी विभाजनापूर्वी आपल्या डीएनएची प्रत काढतच राहतात. दोन्ही धागे सुटे होतात आणि प्रत्येकासमोर जोडीचा नवा धागा विणला जातो. चुकीचे अक्षर बसले तर विकरे (एन्झाइम) ते काढून टाकतात, आणि शेवटी अब्जावधी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. मात्र ही दुरुस्ती नवा धागा जुन्याशी ताडून होते, आणि येथे जुन्या धाग्यातच ‘जीटीजी’ असल्याने पेशी ते तितक्याच निष्ठेने उतरवते. बीजपेशींतही तेच जाते. म्हणून आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, आणि पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटतात असे मुळीच नाही. एकच जण वाहक असेल आणि जोडीदाराचे हिमोग्लोबिन सर्वसामान्य असेल, तर सिकलसेल रुग्ण अपत्याची भीती नाही. सोयरीक मोडण्यापूर्वी निदान एवढे तरी दोन्ही घरांना कळायला हवे.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी वाढेल तसे आपल्याकडे येणारे आकडेही वाढतील. म्हणून माझी विनंती अशी की वाहक आणि रुग्ण यांचे आकडे बातमीत स्वतंत्र द्यावेत, मथळ्यात ‘बाधित’ हा शब्द केवळ रुग्णांसाठी वापरावा, आणि शिबिरात सोल्युबिलिटी चाचणीच झाली असेल तर त्या आकड्यापुढे ‘पुढील तपासणी बाकी’ असे स्पष्ट छापावे.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
जि. चंद्रपूर