तुझ्या घराबद्दल

डोंबिवली (पूर्व)

प्रिय नंदा,

पत्र मिळालं. ठाण्याचा मोठा फ्लॅट विकून लहान घर घ्यावं आणि ५५व्या वर्षीच नोकरी सोडावी का, असं विचारतेस. माझं मत, विक. पण घराला किती येतील यापेक्षा महिन्याला किती लागतील ते आधी मांड. मुलुंडहून इथे वन बीएचकेत आलो तसा मेंटेनन्स, वीजबिल, वरकाम, सगळंच उतरलं. गरजच कमी झाली म्हणून मला लवकर थांबता आलं.

कराचं सीएला विचारच, पण ढोबळ सांगते. विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घर घेतलंस, तर त्याची किंमत विक्रीवरच्या करपात्र नफ्यातून वजा होते. उरलेल्या नफ्यापैकी ५० लाखांपर्यंत सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत टाकून कर वाचवता येतो. तिथे ते पैसे पाच वर्षं अडकतात. नवं घर तुझ्या एकटीच्या नावावर घे, मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मात्र साठीआधी फक्त निवृत्तीचे पैसे चालतात, घराचे नाहीत. पीएफची पूर्ण पेन्शनही ५८ला.

खरं जड गेलं ते वेगळंच. घर विकलं म्हटल्यावर नातेवाईक म्हणू लागले, "मुलाच्या फ्लॅटचं डाउनपेमेंट भरून टाक, शेवटी त्याचंच आहे." नंदा, हे ऐकू नकोस. तो कमावता आहे, त्याला कर्ज मिळेल. तुला म्हातारपणासाठी कर्ज कोण देणार? मी लेकाला समोर बसवून वही दाखवली: दवाखाना, औषधं, पंचवीस-तीस वर्षांचं घरखर्चाचं गणित. दोन दिवस तो गप्प होता. मग स्वतःच म्हणाला, "आई, तुझे तुलाच राहू देत."

माळ्यावरची पितळी पातेली, सासूबाईंचं मोठं घंगाळ वाटून टाकताना पोटात तुटलं. पाटा-वरवंटा ठेवलाय, ओट्याखाली बसतो.

घर लहान चालेल. लिफ्ट, डॉक्टर आणि स्टेशन जवळ हवं. स्वस्त म्हणून आडगावी जाऊ नकोस.

रविवारी ये. जुनं खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि घरात केलेल्या पक्क्या कामांची बिलं आण, तो खर्चही नफ्यातून वजा होतो.

तुझी,
शुभा