शिकागोची गोष्ट अर्धीच का सांगता?

मा. संपादक,

१ मे आला की महाराष्ट्र दिनाच्या पानांत एका कोपऱ्यात कामगार दिन येतो आणि त्यात ठरलेलं, १८८६ चं शिकागो, आठ तासांची मागणी, हेमार्केट चौकातल्या कामगार सभेत पोलिसांवर पडलेला बॉम्ब, त्यासाठी चौघांना फाशी, झालं. पण पुढे काय झालं ते कुणी लिहीतच नाही, आणि जॉन पीटर आल्टगेल्डचं नाव तर मी आपल्याकडच्या पेपरात कधी वाचलेलंच नाही.

हा माणूस जन्माने जर्मन, तान्हा असताना आईबापांबरोबर ओहायोला आला, सोळाव्या वर्षी यादवी युद्धात गेला, मग मास्तरकी, वकिली, शिकागोत जमिनी आणि बिल्डिंगच्या धंद्यात बक्कळ पैसा, मग जज्ज. म्हणजे कामगार पुढारी वगैरे अजिबात नाही. १८९२ ला इलिनॉयचा गव्हर्नर म्हणून निवडून आला.

तेव्हा हेमार्केट खटल्यातले तिघे, फील्डन, श्वाब आणि नीबी, अजून जेलमध्येच होते. त्यांना सोडा म्हणून बड्या बड्या लोकांनीही सह्या दिलेल्या, पण सूर असा की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता दया करा. आल्टगेल्डने दोन ओळी लिहून सही ठोकली असती तर फार बोंब झाली नसती. पण गड्याने सगळे कागद वाचले आणि २६ जून १८९३ ला तिघांना सोडताना भलंमोठं निवेदनच काढलं: ज्युरी ठरवून निवडली, आमचं मत आधीच आरोपींच्या विरोधात आहे असं तोंडाने कबूल करणारेही ज्युरीत बसवले, जज्ज गॅरी पक्षपाती, नीबीविरुद्ध तर पुरावाच नाही, आणि बॉम्ब कुणी टाकला हेच माहीत नाही तर त्याला यांनी चिथावलं हे कशावरून? आता फासावर गेलेले चौघेही याच खटल्यातले, त्यामुळे याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना बरोबर कळलं.

मग पेपरवाले (माफ करा, तुमच्याच पेशातले) तुटून पडले, अराजकवादी ठरवून मोकळे. त्यात १८९४ चा पुलमन या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीतल्या कामगारांचा संप, अध्यक्ष क्लीव्हलँडने आल्टगेल्डला न विचारता शिकागोत केंद्राचं लष्कर घुसवलं, याने तारा करून निषेध केला. बरं, स्वतः राज्याची मिलिशिया, म्हणजे राज्याचं स्वतःचं सैन्य, पाठवायला त्याची ना नव्हती, तेव्हा संपवाल्यांचा आंधळा भक्त म्हणणंही चूकच. १८९६ च्या निवडणुकीत पडला, पैसाही गेला, त्याची सोळा मजली युनिटी बिल्डिंगसुद्धा हातची गेली, आणि मार्च १९०२ मध्ये जॉलिएटला दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअर लोकांची बाजू मांडणारं भाषण केल्यावर कोसळला तो उठलाच नाही.

मला विचाराल तर ते निवेदन हेच त्याचं मोठं काम. माफी काय, कुणीही देतं हो.

पुढच्या १ मेला जागा असेल तर याच्यावर एक लेख छापा ना, आणि त्यात फ्लॉरेन्स केलीलाही घ्या, कारखाने तपासायला मुख्य इन्स्पेक्टर म्हणून एका बाईला १८९३ ला यानेच नेमलं होतं.

आपला,
एक जुना वाचक