काकू, खुर्ची परत करायची राहिली

प्रिय काकू,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, चहा घे" म्हणून विषय उडवता. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय.

गेल्या पावसाळ्यातली माझी अवस्था तुम्ही रोज गॅलरीतून बघत होतात. त्रिमूर्ती चौकातून पवननगरच्या भाजीबाजारात जायचं तर तीन ठिकाणी टेकायला लागायचं. सायकल मात्र आरामात चालवायचो! कंपनीतल्या लोकांना वाटायचं, नाटकं करतोय. तुम्हीच म्हणालात, "पुढे वाकलं की नसेला जागा मिळते रे, म्हणून सायकल जमते. माझंही असंच होतं." एमआरआयच्या रिपोर्टातून मला एवढंच कळलं होतं की कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय. पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत फ्यूजन, म्हणजे ते दोन मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, सांगितलं आणि तारीखही देऊन टाकली. घरी आईचं वेगळंच, मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो म्हणे.

तुम्ही कर म्हणाला नाहीत, नको म्हणाला नाहीत. विचारलंत, "जास्त काय दुखतं, कंबर की पाय?" मला तो प्रश्न बिनकामाचा वाटला. पाय, म्हणालो. ढुंगणापासून पोटरीपर्यंत करंट लागल्यासारखं. "मग विचार करण्यासारखं आहे. नस मोकळी झाली की पाय सुटतो. नुसत्या कंबरेसाठी करणार असतास तर म्हटलं असतं, दहा वेळा विचार कर. माझं ऑपरेशन झाल्यापासून पाय तीन वर्षं गप्प आहे, कंबर थंडीत अजून धरते." एवढं सरळ मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाकीच्यांचं एक तर डॉक्टर देवमाणूस, नाहीतर आयुष्याचं वाटोळं.

तुमच्या आग्रहाने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मला पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले, तेव्हा मणका हलतोय हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी आधी सहा आठवडे फिजिओथेरपी, मग मणक्यात इंजेक्शन. तीन आठवडे बरं गेले आणि पुन्हा जैसे थे. त्या दिवसांत तुम्ही एक गोष्ट माझ्या बायकोकडून पाठ करून घेतलीत: लघवीचं भान गेलं, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायाचा पंजा उचलेना झाला, तर रात्र असो की दिवस, थेट दवाखाना.

आणि तंबाखू! दिवसाला दोन पुड्या मळणारा माणूस मी. डॉक्टरांनी समजावलं होतं, की स्क्रू आणि रॉड म्हणजे स्लॅबखालचं सेंटरिंग. खरा स्लॅब म्हणजे मणक्यांच्या मध्ये भरलेलं हाड, ते जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं. फक्त हे सेंटरिंग सहसा काढत नाहीत. निकोटीनने हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, हाड धरत नाही. मी मान डोलावली आणि खाली येऊन चुना मळला. तुम्ही डबी हातातून घेतलीत, "आधी ही सोड, मग तारीख घे," म्हणालात आणि डबी कमरेला खोचून घरात गेलात. दीड महिना तुमच्याकडे मागायची हिंमत झाली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी तर तुम्ही तुमच्याच पलंगावर नऊवारीत आडव्या झालात. गुडघे मोडले, खांदा आणि कंबर एकदम वळवली, पाय खाली सोडले आणि कोपरावर जोर देऊन उठलात. "ओंडका लोटतात तसं. मधेच पीळ द्यायचा नाही." ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर वॉकर घेऊन आल्या, तेव्हा मी पहिल्या झटक्यात उठून बसलो.

दुखेल हे सगळेच सांगतात. पण वेदनेच्या गोळ्यांनी चार-चार दिवस पोट साफ होत नाही, मोजे बायकोने घालायचे, वाकायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, हे तुम्ही सांगितलंत. "दुसऱ्या आठवड्यात कशाला केलं म्हणून रडशील, तेव्हा फोन कर," हेही. रात्री साडेअकराला केला होता. तुम्ही उचललात.

आता पाच महिने झाले. पवननगरपर्यंत एका दमात जातो, भाजी घेऊन बायको मागे राहते. मशीनवर अजून पाठवत नाहीत, तपासणीच्या टेबलावर बसतो. एक्स-रेत हाड जुळायला लागलेलं दिसतंय. सकाळी कंबर ताठ असते, मांडी घालून पंगतीला बसता येत नाही आणि पुढे वरच्या मणक्यावर ताण येऊ शकतो हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. पाय मात्र गप्प आहे, तुमच्यासारखाच. म्हणजे तुमच्या पायासारखा. तुम्ही कुठल्या गप्प बसायला!

तुमची ती कमोडची खुर्ची अजून आमच्याकडेच आहे. उजव्या हाताला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, तशीच ठेवलीय. कामटवाड्यातल्या तुमच्या मैत्रिणीचं ऑपरेशन ठरतंय असं ऐकलं. रविवारी मी खुर्ची घेऊन येतो. म्हणजे उचलून पोरगा आणेल, मी नुसता बरोबर चालत येईन.

तुमचाच,
खालच्या मजल्यावरचा