निवतीच्या किनाऱ्यावरील रापणकरांचे आभार

जुन्या बाजारातून आणलेला मखमली पडदा अंगावर झूल म्हणून घेऊन आणि दशावताराचा जुना मुकुट डोक्यावर चढवून, समुद्रातून आलेल्या राणीची स्वतःचीच छायाचित्रे टायमर लावून काढावीत, या हौसेने मी पौर्णिमेच्या सकाळी आठ वाजता निवतीच्या खडकावर उभी होते.

अष्टमीला याच वेळी तो खडक कोरडा पाहिला होता. परंतु भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात ओहोटीच्या जागी भरती येते, हा साधा हिशेब मी केला नव्हता. त्यात उधाण. ट्रायपॉड आडवा झाला, भिजून जड झालेली झूल खडकाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारेत अडकली आणि मला जागचे हलता येईना.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांपैकी तिघे आपला दोर इतरांच्या हाती देऊन धावत आले. एकाने मला धरले, दुसऱ्याने कॅमेरा उचलला, आणि तिसऱ्या वयस्कर काकांनी, मी "फाडून टाका" म्हणत असतानाही, पडदा एकेका कालवावरून हलक्या हाताने सोडवला. मुकुट मात्र गेला.

किनाऱ्यावरच्या एका आजींनी आपल्या कळशीतले पिण्याचे पाणी ट्रायपॉडच्या पायांवर ओतले. "खारां पाणी लोखंडाक खाता गो," एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या वेषाबद्दल कोणी एक शब्दही विचारला नाही, हे मला विशेष वाटले.

घाईत नावे विचारायची राहिली. आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे.